साफ दिसते ना, माय?

संघदीपला लोक छत्रीवाला म्हणत. राळेगाव तालुक्यात कुणाच्या टिनावर टीव्हीची छत्री बसवायची असली, वाऱ्यानं फिरली असली किंवा माकडानं वाकवली असली, की त्याला फोन जाई. मोटरसायकलच्या मागं एक लोखंडी पेटी बांधलेली. तिच्यात पान्हे, केबलचं भेंडोळं आणि सिग्नल मोजायचं लहानसं मीटर. हा त्याचा सगळा संसार. वय अठ्ठावीस. दिवसाला चार-पाच घरं तरी होत. उन्हाळ्यात टिनं तापत, म्हणून तो गुडघ्यांना पोत्याचे तुकडे बांधून वर चढे.

कामाची त्याची एक रीत होती. घरातल्या एकाला टीव्हीसमोर बसवायचं. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करायला सांगायचा, म्हणजे खालची हाक वर ऐकू येते. मग वरून विचारायचं.

"आलं काय?"

"नाई आलं!"

"आता?"

"आलं, आलं... गेलं!"

"आता पाहा."

"आलं! हात लावू नको बाप्पा, आता राहू दे!"

चित्र बिघडलं म्हणून कुणी बोलावलं, की तो टीव्हीकडे पाहतच नसे. सरळ शिडी मागायचा. रामराव नावाचे एक म्हातारे शेतकरी एकदा चिडले होते. "अरे, मी सांगून राह्यलो ना, टीव्हीच खराब हाये. तू आधी टीव्ही तर पाह्य."

"काका, टीव्ही बिचारा काय करते? वरून जे येते तेच दाखवते."

वर छत्रीच्या दांड्यात चिमणीनं घर केलं होतं आणि बोल्ट ढिला झाला होता. रामरावांनी मग चहा पाजला. संघदीपचं असं शंभरातून नव्वद वेळा बरोबर निघे. दहा वेळा चुके, पण ते लक्षात राहत नसे.

त्याची माय तुळसाबाई पहिल्यांदा बोलली तेव्हा कापसाची निंदणी सुरू होती. तिची नाही, गावाची. तिची निंदणी गुडघ्यांनी बंद केली होती. चाळीस वर्षं ती लोकांच्या वावरात निंदायला आणि वेचायला गेली. मग एका वर्षी बसली ती उठेना. संघदीपचा बाप उकंडा त्याच्या आदल्या वर्षी वारला होता. बहीण दीपमाला लग्न होऊन उमरखेडला. पोरगा दिवसभर लोकांच्या टिनांवर. दोन खोल्यांच्या घरात तुळसाबाई, एक बाज आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवलेला उकंडानं जुना घेतलेला डब्बा टीव्ही. दुपारी जेवण झालं की ती टीव्ही लावे. पोरगा येईपर्यंत तो चालू राही. सोबतीला एवढंच होतं.

"धुरकट दिसते रे," ती म्हणाली.

"काय धुरकट दिसते?"

"टीव्हीत. धूर झाल्यासारखं."

संघदीप जेवत होता. त्यानं मान वर करून पाहिलं. डब्बा टीव्ही जुना. रंग उडालेले, माणसांचे चेहरे जरा हिरवे. त्याला ते नेहमीचंच होतं. तरी त्याला वाईट वाटलं. लोकांच्या घरात आपण आरशासारखं चित्र आणतो आणि आपल्या मायला धूर दिसतो. पुढच्या रविवारी तो आपल्याच टिनावर चढला.

"आलं काय, माय?"

"आलं."

"धूर गेला काय?"

खालून आवाज आला. "थोडा गेला."

पुढचं दीड वर्ष असंच गेलं. आधी त्यानं छत्री आवळली. मग छत्रीच्या तोंडाशी असतो तो डबा बदलला, ज्याला छत्रीवाले एलएनबी म्हणतात. मग सगळी केबल नवी टाकली. मग टीव्हीशेजारचा बॉक्स बदलला. प्रत्येक वेळी तुळसाबाई म्हणे, थोडं बरं झालं. आठ दिवसांनी पुन्हा म्हणे, धुरकटच हाये रे. ती खोटं बोलत नव्हती. तिलाही टीव्हीच बिघडला असं वाटत होतं. पोरगा त्यातला जाणता. तो वर चढतो म्हणजे बिघाड वरच असणार.

एकदा ती म्हणाली, "बाजूले काळं दिसते."

हे त्याला लगेच कळलं. कितीतरी घरांत ही तक्रार असे. बॉक्समध्ये चित्राचा आकार चुकीचा निवडला असला की टीव्हीच्या कडेला काळ्या पट्ट्या येतात. त्यानं रिमोट घेतला, आकार बदलला.

"आता?"

"हं."

"भरून दिसते ना पूर्ण?"

"दिसते बाबा. बस आता, जेवून घे."

त्याच वर्षी ती दोनदा दाराच्या चौकटीला धडकली. कपाळाला टेंगूळ आलं. चहा ओतताना कपाच्या बाहेर सांडू लागला. एकदा डाळीत खडा लागला, तेव्हा तो हसत म्हणाला, "माय, दात पाडतं काय माहे? लग्न व्हाचं हाये अजून."

"दुकानातून डाळच खराब येऊन राह्यली आजकाल," ती म्हणाली.

त्यालाही ते पटलं. दुकानदार खरंच लबाड होता.

दीपमालाचा फोन येई. एकदा ती म्हणाली, "दादा, मायले डोळ्याच्या डॉक्टरले दाखव ना एखाद्या दिवशी."

"काहून? डोळ्याले काय झालं तिच्या?"

"मागच्या बारीले मी आलती, तं तिनं मले हाकेवरून ओळखलं. मी दारातच उभी होती."

"ऊन असन डोळ्यावर. टीव्ही जुना झाला आपला, त्यानं त्रास होते तिले. नवा आनून राह्यलो मी. एचडी."

"तुह्यासाठी सारं छत्रीतूनच येते."

"मंग? धंदाच हाये माहा."

दीपमाला हसली. विषय तिथंच राहिला. पुढच्या महिन्यात गावात डोळे तपासायचं शिबिर झालं. आरोग्य केंद्राची आशाताई घरी येऊन सांगून गेली. तुळसाबाईनं पोराला विचारलं, जाऊ काय. तो त्या दिवशी घाईत होता. बाभुळगावकडं एका लग्नघरी तीन छत्र्या बसवायच्या होत्या. "शिबिरात लाइन मोठी राह्यते, माय. तुह्ये गुडघे. टीव्ही येऊ दे, मंग पाहू," तो म्हणाला. ती बरं म्हणाली.

नवा टीव्ही घ्यायचा हे त्यानं दिवाळीच्या आधीच ठरवलं होतं. त्याला दुसरं काही नको होतं. मायनं एकदा बाजेवर बसून काचेसारखं साफ चित्र पाहावं आणि धूर हा शब्द पुन्हा काढू नये. कुणी लग्नाचं विचारलं तरी तो आधी टीव्ही म्हणे. लोकांना ती थट्टा वाटे.

यवतमाळला देवीलालचं दुकान होतं. टीव्ही, फ्रिज, कूलर. देवीलाल संघदीपपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. त्याच्या दुकानातून गेलेल्या टीव्हींना छत्र्या बसवायचं काम संघदीपकडं येई, म्हणून ओळख पक्की. संघदीप दुकानात शिरला तेव्हा भिंतीवर अकरा टीव्ही एकदम चालू होते. सगळ्यांत एकच निळा समुद्र आणि एकच मासा.

"ये छत्रीवाले. आज शिडीबिना?"

"आज गिऱ्हाईक हावो. मान द्या जरा."

"अरे वा! पंखा लावा रे साहेबांसाठी!" देवीलालनं खुर्ची पुढं केली. "नवरी भेटली काय? आंदणातच घे ना मंग टीव्ही. कायले पैसा घालतं?"

"मायसाठी पाहिजे. आनि हा मासा बंद करा पह्यले."

"काहून? बढिया मासा हाये."

"पेनड्राइव्हवरचा हाये. त्याच्यात तं आपली एसटी बसबी चकाचक दिसते. छत्रीवरचं दाखवा मले. फ्री डिश लावा."

देवीलाल हसला आणि मागून बॉक्सची वायर ओढली. समुद्र गेला. सगळ्या भिंतीवर एक माणूस सोयाबीनवरच्या किडीबद्दल बोलू लागला. अकरांतल्या सात टीव्हींत तो माणूस लगेच आजारी दिसायला लागला.

"पाहा," संघदीप म्हणाला.

"तू माहं दुकान बंद पाडशीन एक दिवस."

चोवीस इंची त्यानं आधीच बाजूला सारला. बाजेपासून भिंत आठ फूट. एवढ्या लांबून मायला लहान पडेल. त्रेचाळीस इंची भिंतीवर मावत नव्हता आणि खिशातही. राहिले बत्तीस इंची तीन. एकाचं नाव मोठं, जाहिरातीतलं. दुसरा दिल्लीकडं जोडलेला, स्वस्त, त्यात इंटरनेटचं सगळं. तिसरा साधा. संघदीप जमिनीवर बसला. मग कोपरावर टेकून आडवा झाला आणि खालून एकेका टीव्हीकडं पाहू लागला. दुकानात आलेली दोन माणसं थांबून बघू लागली.

"चक्कर आली काय ह्याले?" एकानं विचारलं.

"नाई हो, हा बाजेवरून पाहून राह्यला," देवीलाल म्हणाला. "ह्याची माय आडवी पडून पाह्यते."

स्वस्त टीव्ही खालून पाहिला की चेहरे काळे पडत. मोठ्या नावाचा ठीक होता, पण नावाचेच पैसे जास्त. तिसरा खालूनही तसाच दिसत होता. संघदीपनं तो घेतला. सोबत एचडी चालणारा नवा बॉक्स, जाड केबल आणि नवी छत्रीसुद्धा. जुनी चांगली होती. पण ह्या वेळी त्याला काहीच जुनं ठेवायचं नव्हतं. महिन्याचं रिचार्ज नको, हे मात्र पक्कं. आपण नसलो आणि रिचार्ज संपलं तर मायनं दिवसभर कुणाकडं पाहायचं?

"मायले नमस्कार सांग," देवीलाल पैसे घेताना म्हणाला. त्यानं थोडे कमी केले होते. "आनि पाह्य, आता धुरकट म्हनली तं टीव्हीले दोष देऊ नको. माल एक नंबर हाये."

टीव्ही मोटरसायकलवर आणायला त्यानं मित्राला मागं बसवलं. राळेगाव येईपर्यंत मित्राचे हात भरून आले. संघदीप हळू चालवत होता. प्रत्येक खड्ड्याला तो मागं वळून विचारे, धरला ना नीट.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिटिंग झाली. शेजारची बेबीताई चुलीवरचं सोडून आली. टीव्ही लागला आणि ती तोंडावर हात ठेवून उभीच राहिली.

"बाई वं! ह्या बाईच्या साडीचे धागे दिसून राह्यले! तुळसाबाई, पाह्य ना वं, घामाचे थेंब दिसतेत त्या बुवाच्या कपाळावर!"

"हो ना," तुळसाबाई म्हणाली. "मस्त हाये."

"संघदीप, आता नवरीबी अशीच आन. एचडी."

"रिचार्जवाली नको ना पन, काकू."

बेबीताई हसली. तुळसाबाईही हसली. संघदीप दारात उभा राहून मायकडं पाहत होता. ती टीव्हीकडं पाहत होती आणि तिच्या मांडीवर दोन्ही हात एकावर एक ठेवलेले होते. त्याला त्या दिवशी फार हलकं वाटलं. दीड वर्ष डोक्यावर असलेलं काहीतरी उतरलं होतं. तो कामाला निघून गेला आणि दिवसभर शीळ घालत राहिला.

चार दिवसांनी तो घरी आला तेव्हा टीव्ही चालू होता आणि माय दुसऱ्या भिंतीकडं तोंड करून बसली होती.

"काहून वं? पाहून नाई राह्यली?"

"पाहून राह्यली ना. मान दुखली जरा."

"साफ दिसते ना?"

ती टीव्हीकडं वळली. मग म्हणाली, "सकाळच्या पारी जरासं धुरकट वाटते. जरासंच. दुपारी काही नाई."

संघदीप बाजेच्या कडेवर बसला. त्याचे पाय दुखत होते. त्या दिवशी तो सहा घरांवर चढला होता. नवा टीव्ही, नवा बॉक्स, नवी केबल, नवी छत्री. आता बदलायला काही उरलं नव्हतं. राग कुणाचा करायचा तेही त्याला कळेना. कदाचित बोल्ट. कदाचित केबलचं टोक नीट बसलं नसेल, सकाळी दव पडत असेल. त्यानं स्वतःला तेच समजावलं.

रविवारी दुपारी चारच्या सुमारास त्यानं शिडी लावली. मायला टीव्हीसमोर बसवलं. आवाज बंद केला. बेबीताई नव्हती, वावरात गेली होती. घरात माय एकटीच.

टिन अजून कोमट होतं. तो उकिडवा बसला. छत्री एक नखभर उजवीकडं केली.

"माय, आता?"

"तसंच हाये."

परत डावीकडं आणली. मीटरचा काटा पूर्ण वर होता. ह्याहून चांगला सिग्नल सगळ्या तालुक्यात कुणाच्या घरी नव्हता. त्याला ते माहीत होतं. तरी त्यानं छत्रीला जोडलेली केबल फिरवून काढली. टोक पाहावं, पुसावं म्हणून. तांब्याची तार चकचकीत होती. दवाचा थेंब नाही, गंज नाही. त्यानं शर्टाच्या कडेला ते टोक पुसलं. वाकलेलं बोट सरळ करावं तसं उगाच सरळ केलं.

तेवढ्यात खालून हाक आली.

"आलं रे! आता लय साफ आलं!"

संघदीपच्या हातात केबल होती.

त्यानं हाताकडं पाहिलं. केबलचं टोक त्याच्या दोन बोटांत होतं आणि छत्री मोकळी उभी होती. खाली टीव्हीत काहीच जात नव्हतं.

"काय आलं?" त्यानं विचारलं.

"चित्र! आता खाली उतर. झालं ते. साफ झालं."

तो तसाच बसून राहिला. शेजारच्या टिनावर कुणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या. रस्त्यानं एक पोरगी सायकल ढकलत चालली होती. त्यानं केबल परत जोडली नाही. शिडीवरून उतरताना त्यानं दोन पायऱ्या चुकवल्या.

घरात टीव्हीवर निळा पडदा होता. मध्ये पांढऱ्या अक्षरांत सिग्नल नाही असं इंग्रजीत लिहिलेलं. तुळसाबाई त्याच्यासमोर बसली होती, हात मांडीवर. तो आल्याची चाहूल लागताच तिनं मान वळवली. त्याच्याकडं नाही, त्याच्या जरा बाजूला.

"टीव्हीत काय चालू हाये, माय?"

"बातम्या."

"कोन सांगून राह्यलं?"

"बाई."

"कोन्त्या रंगाची साडी हाये?"

तिनं मान जरा पुढं काढली. मग हळूच म्हणाली, "निळी."

संघदीप तिच्यासमोर जमिनीवर बसला. निळा उजेड दोघांच्या अंगावर पडला होता.

"केबल माह्या हातात होती," तो म्हणाला.

कळल्यावर तिनं पदर सारखा केला.

"किती दिवसांपासून माईत हाये तुले?"

"पह्यले तं मले टीव्हीचंच वाटे," ती म्हणाली. "खरंच वाटे. मंग पोळ्याच्या वक्ती बेबीच्या घरी बसलती. तिच्या टीव्हीतबी धूर. म्हनलं, हिचाबी बिघडला काय? मंग चुलीपाशी पाह्यलं तं तिथंबी धूर. चूल तं पेटवलीच नव्हती."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तू टीव्हीसाठी पैसा जोडून राह्यलता. साऱ्या गावाले सांगत फिरे. त्याच्यात मी काय म्हनू? नवा आला तं वाटलं, दिसनबी." ती थांबली. "आज तुह्ये पाय दुखून राह्यले होते. म्हनलं, साफ आलं म्हनलं तं उतरशीन."

संघदीपनं उठून टीव्ही बंद केला. निळा उजेड गेला. "बंद केला काय?" तिनं विचारलं. तेवढं तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी तो तिला यवतमाळला घेऊन गेला. एसटीत तिला खिडकीची जागा मिळाली. ती सवयीनं बाहेर पाहत बसली. तो तिच्या तोंडाकडं पाहत होता. किती वर्षांत पाहिलं नव्हतं, असं त्याला वाटलं.

दवाखान्यात खूप गर्दी होती. तीन ठिकाणी रांगा. तो मनात एकच म्हणत होता, मोतीबिंदू असू दे. मोतीबिंदू निघतो. गावात कितीतरी जणांचा निघाला. काळा चष्मा लावून आठ दिवस फिरतात आणि मग पेपर वाचतात.

एका खोलीत तिला यंत्रासमोर बसवलं. पांढऱ्या गोल भांड्यासारखं काहीतरी. त्याच्या आत तोंड घालायचं, कुठंही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. तपासणारी पोरगी लहानच होती. तिनं दोनदा समजावलं. तुळसाबाईनं मान डोलावली आणि तपासणी सुरू झाल्याबरोबर बटण दाबायला लागली. दाबतच राहिली.

"आजी, दिसलं तरच दाबायचं हं."

"हो, हो."

पुन्हा टकटक सुरू.

"आजी, अजून मी लाइट सुरूच नाही केली."

संघदीप दारात उभा होता. तो आत गेला. त्यानं मायच्या खांद्यावर हात ठेवला. "माय, इथं कोनी वर चढलं नाई," तो म्हणाला. "नाई दिसलं तं नाई म्हन."

तिचा अंगठा थांबला. मग खूप वेळ खोलीत काहीच आवाज आला नाही. यंत्र चालू होतं. पोरगी पडद्याकडं पाहत होती. मधेच एकदा बटण वाजलं. मग पुन्हा बराच वेळ नाही.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या. थकलेल्या दिसत होत्या. त्यांच्या टेबलावर चहा निवला होता. त्यांनी यंत्रातून निघालेला कागद त्याच्यापुढं ठेवला. त्यावर दोन गोल होते. एक जवळजवळ पूर्ण काळा. दुसऱ्याच्या मध्यभागी थोडी पांढरी जागा, रुपयाएवढी.

"मोतीबिंदू आहे काय मॅडम?" त्यानं विचारलं.

"मोतीबिंदूच असता तर बरं झालं असतं. हा काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस सुकत जाते. नजर कडेकडून जात जाते, हळूहळू. माणसाला कळतही नाही."

"ऑपरेशन?"

"गेलेली नजर परत येत नाही. राहिलेली राखायची. थेंब देते, रोज टाकायचे, एक दिवस चुकवायचा नाही. महिन्यानं परत आणा." त्यांनी लिहिता लिहिता विचारलं, "पहिल्यांदा कधी म्हणाल्या ह्या, दिसत नाही म्हणून?"

"दीड वर्ष झालं."

त्यांनी मान वर केली. त्यांनी कुणाला रागवायचं सोडून दिलं असावं. त्या पुन्हा लिहू लागल्या.

बाहेर आल्यावर तुळसाबाई बाकावर बसली. "काय म्हने?"

"थेंब टाकाचे म्हने."

"होईन बरं?"

तो तिच्याजवळ बसला. त्याच्या हातात तो दोन गोलांचा कागद होता. तो त्यानं चार घड्या करून खिशात घातला.

"आहे तेवढं राहीन," तो म्हणाला.

"आहे तेवढं लय झालं," ती म्हणाली. "उठ. गाडी भेटली पाहिजे."

त्या रात्री दीपमालाचा फोन आला. ती चिडेल असं त्याला वाटलं होतं. ती रडली. रडताना एकदाच म्हणाली, "मी म्हनलं होतं रे." तो हो म्हणाला. एवढंच.

तीन दिवस टीव्ही बंद होता. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "माय, देवीलालले फोन करतो. घेईन तो परत. चारच दिवस चालला."

"कायले?"

"ठेवून काय करतं?"

"मी काय पूर्ण आंधळी झाली काय?" ती एकदम चिडली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच चिडली होती. "मायसाठी आनला म्हनतं आनि मायले न विचारता परत देतं? राहू दे तिथंच."

तो वर चढला आणि लोंबणारी केबल जोडली. ह्या वेळी त्यानं खाली काही विचारलं नाही. उतरल्यावर बाज ओढून टीव्हीच्या अगदी जवळ आणली. अडीच-तीन फुटांवर. दुकानात आठ फुटांसाठी एवढं लोळून निवडलेला टीव्ही. आता तो नाकासमोर होता.

तुळसाबाई बसली. तिनं मान हळूहळू उजवीकडून डावीकडं फिरवली. मग वर, मग खाली. पेटीत खाली गेलेलं एखादं लुगडं शोधावं तशी ती चित्रात शोधत होती. रुपयाएवढ्या जागेतून. टीव्हीवर एक बाई बातम्या सांगत होती. संघदीप दाराशी टेकून उभा होता. त्याला विचारायचं होतं. त्यानं विचारलं नाही.

बऱ्याच वेळानं तुळसाबाईची मान थांबली. ती पुढं वाकली.

"ह्या बाईच्या नाकात चमकी हाये," ती म्हणाली. "हिरवा खडा."

तो पुढं आला. त्यानं वाकून पाहिलं. होती. बारीक हिरवा खडा. दुरून त्याला तो दिसला नव्हता.

"हाये," तो म्हणाला.

"बारकाच हाये. लय महागाचा नसन."

ती बाई गेली आणि पावसाची बातमी लागली. नकाशा आला. तुळसाबाईची मान पुन्हा फिरू लागली. थोड्याच वेळात ती दमली आणि डोळे मिटून मागं टेकली. आठ वाजले होते. संघदीपनं फळीवरची लहान बाटली घेतली, हात धुतले आणि तिच्या डोक्यामागं उभा राहिला.

"मान वर कर."

तिनं केली. एक थेंब डोळ्यात पडला. दुसरा थेंब चुकला आणि गालावरून कानाकडं वाहत गेला.

"वाया गेला," ती म्हणाली.

"टाकतो परत. हलू नको."